गळत नाही ना आता?

आधीच सांगते, हे मी कुठून ऐकलेलं नाही. माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत झालंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, मी रागावणार नाही. मलाही दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते.

मी सविता. नाशिकला म्हसरूळमध्ये दिंडोरी रोडला लागून आमचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. आमचे हे, म्हणजे वाल्मीक, मेकॅनिक. मुलं शाळेत गेली की मी काउंटरला बसते. पार्ट काढून देते, गिऱ्हाइकांशी बोलते. बोलण्यात मी पहिल्यापासून पुढे. हे दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी एका चहात बोलते. लोक म्हणायचे, वाल्मीकचं गॅरेज वहिनीच्या तोंडावर चालतं.

त्याच तोंडानं घात केला.

लोकांना वाटतं, असलं काही अमावस्येच्या रात्री होतं. माझ्याकडे तो भर दुपारी आला. फेब्रुवारी महिना, लख्ख ऊन, बाहेर द्राक्षांचे क्रेट भरलेल्या गाड्यांची वर्दळ...

पण थांबा. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

आमच्याकडे जुन्या गाड्या जास्त येतात. आताच्या नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, जुन्यांना असतो. टाकीतलं पेट्रोल आधी त्याच्या वाटीत येतं. वाटी भरली की आतली एक बारीक सुई पेट्रोलची वाट बंद करते. ही सुई झिजली की बंद करणारं कोणी राहत नाही. पेट्रोल येत राहतं, आणि खालच्या नळीतून जमिनीवर गळत राहतं.

टप... टप... टप...

खरा इलाज एकच, सुई बदलायची. पण सगळ्याच मेकॅनिकांना एक जुगाड माहीत असतो. स्क्रूड्रायव्हर उलटा धरायचा आणि त्याच्या मुठीनं वाटीवर ठोकायचं. टक्, टक्, टक्. सुई जागेवर बसते. गळणं थांबतं.

तात्पुरतं.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुम्हाला माहीतच आहे, दसऱ्याला घरोघरी गाड्यांची पूजा असते. त्यामुळे आदल्या दिवशी आमच्याकडे नुसती झुंबड. धुवायच्या गाड्या, ऑइल बदलायच्या गाड्या, "वहिनी माझी आधी" करणारे शंभर जण. ह्यांना मान वर करायला वेळ नव्हता.

त्यात प्रफुल्लभाऊ आले.

दिंडोरीच्या पुढच्या एका गावचे. गावाचं नाव सांगत नाही. द्राक्षबाग होती त्यांची. घरी नवी गाडी होती, पण दसऱ्याला पहिली पूजा वडिलांच्या जुन्या गाडीची, असा त्यांचा नेम. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी मात्र त्यांनी जपली होती. शांत माणूस. आला की पोरीचे फोटो दाखवायचा मोबाईलवर. कस्तुरी नाव तिचं. अजून शाळेत जायची होती.

"वहिनी, गाडी गळतीये जरा. उद्या पूजा हाय. बघा ना."

ह्यांनी वाटी खोलून पाहिली. म्हणाले, "सुई गेलीये. या मॉडेलची आपल्याकडं नाही. मागवावी लागेल. गाडी ठेवून जा भाऊ."

प्रफुल्लभाऊंचा चेहरा एवढासा झाला.

आणि मी मध्ये पडले. कोणी विचारलं नव्हतं मला. "अहो, ऐन दसऱ्याला लोकांची गाडी अडकवून ठेवता का? वडिलांची गाडी आहे त्यांच्या. ठोकून द्या की. सण झाला की येतील सुई टाकायला."

हे काही बोलले नाहीत. स्क्रूड्रायव्हर उलटा धरला.

टक्... टक्... टक्...

गळणं थांबलं. प्रफुल्लभाऊंनी खाली वाकून बोटानं नळी चाचपली. बोट कोरडं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"वहिनी, गळत नाही ना आता?"

"नाही हो भाऊ! बिनधास्त घेऊन जा."

असं म्हणाले मी. हसून म्हणाले.

गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद करत जा, हे वाक्य मी दिवसातून कितीतरी जणांना सांगते. पाठच आहे मला. कॉक बंद असला की सुई झिजलेली असली तरी पेट्रोल खाली येत नाही. तेवढं एक वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. पुढचं गिऱ्हाईक बोंबलत होतं, मी तिकडे वळले.

बस. एवढंच झालं.

पुढचं मी त्यांच्या गावच्या माणसांकडून ऐकलं.

दसऱ्याच्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. म्हणून त्यांनी गाडी अंगणात न लावता पडवीत घेतली. तीन बाजूंनी भिंत, समोर ग्रील. झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला. त्यांच्या बायकोनं, चैतालीनं, हळदीकुंकू वाहिलं. चाकाजवळ पाट मांडून त्यावर निरांजन ठेवलं आणि सगळे आरतीला उभे राहिले.

खाली गुळगुळीत फरशी होती. पेट्रोल कधी गळायला लागलं, कधी पाटाखाली गेलं, कोणाला कळलं नाही.

भडका उडाला तेव्हा कस्तुरी आतल्या खोलीत झोपलेली होती. पडवीतून आत जायला एकच दार. प्रफुल्लभाऊंनी पेटलेली गाडी हँडलला धरून अंगणात ओढली. घराला लागू दिली नाही. पोरीला आच लागू दिली नाही.

त्यांनी दिवाळी बघितली नाही.

गाडीचा नुसता सांगाडा राहिला. कार्बोरेटर वितळून गेला. त्याच्याकडे बघणार कोण? सगळ्यांनी बघितलं ते निरांजनाकडे. आणि ते ठेवणाऱ्या हाताकडे.

"बाईला अक्कल नको? पेट्रोलच्या गाडीखाली दिवा ठेवला!"

गावभर तेच. सासूनं, सुलाबाईनं, चैतालीला माहेरी निफाडला पाठवून दिलं. पोरगी मात्र ठेवून घेतली. "जिनं नवरा जाळला तिच्या हाती मी पोरगी देणार नाय," असं चार लोकांत म्हणाली म्हणे.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो होतो. हे नको म्हणत होते, मीच म्हणाले, जायलाच पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील... काय म्हणतील, ते मी बोलले नाही.

पिंड ठेवला. कावळे होते. भरपूर होते. समोरच्या भिंतीवर बसून बघत होते.

एकही खाली येईना.

चुलत्यांनी हात जोडले. "कस्तुरीला शिकवू रे." नाही. "आईला सांभाळू." नाही. "बाग विकणार नाही." नाही. ऊन चढत गेलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

मला माहीत होतं, त्याला काय ऐकायचंय. मी गर्दीत मागे उभी होते आणि पदर तोंडाशी धरला होता. लोकांना वाटलं, मी रडतेय.

मी तोंड दाबून धरलं होतं.

ह्यांनी घरी आल्यावर एकदाच विषय काढला. "सांगून टाकू का त्यांच्या घरी?" मी अंगावर गेले त्यांच्या. "वेड लागलंय का तुम्हाला? पोलीस येतील, दुकानाला कुलूप लागेल. आपली दोन पोरं आहेत. गेलेला माणूस परत येणार आहे का?"

तो प्रश्न मी विचारला होता. मीच.

दिवाळीनंतर सुरू झालं.

पहिल्यांदा नुसता वास. दुकानात पेट्रोलचा वास असतोच, त्याचं काय! पण हा घरात यायचा. पोळ्या लाटताना यायचा. मी गॅस बंद करायची, खिडक्या उघडायची, ह्यांचे कपडे बाहेर टाकायची. वास जायचा नाही. मुलं म्हणायची, "आई, कुठे वास येतोय?"

मुलांना येत नव्हता.

मग गॅरेजमधल्या गाड्या. रात्री आम्ही प्रत्येक गाडीचा कॉक बंद करून शटर ओढतो. हे स्वतः बघतात. सकाळी शटर वर केलं की...

सगळे कॉक उघडे.

एखादा नाही, सगळे. खाली फरशीवर ओल. हे काही न बोलता एकेक कॉक बंद करत जायचे आणि मी फडकं घेऊन पुसत जायची. एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो नाही आम्ही. कुलूप बदललं. सीसीटीव्ही बघितला. त्यात कोणी आलेलं नव्हतं. कोणी कॉकला हातही लावलेला नव्हता.

जानेवारीत एक दिवस काउंटरसमोर एक बाई येऊन उभी राहिली. अंगात साधा ड्रेस, हातात पिशवी, कपाळ मोकळं. वाळून गेलेली. मी ओळखलंच नाही.

"ताई, मी चैताली. प्रफुल्ल यांची मिसेस."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

हे पार्ट आणायला गेले होते. मी तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. म्हणाली, "एकच विचारायचंय. मी निरांजन लांब ठेवलं होतं हो. चाकापासून हातभर लांब. मला चांगलं आठवतंय. पण सगळे म्हणतात खाली ठेवलं, तर आता मलाच वाटायला लागलंय की खालीच ठेवलं असेल. ताई, खरं सांगा. गाडी गळत होती का?"

मी कप खाली ठेवला.

"सासूबाई कस्तूला भेटू पण देत नाहीत. मागच्या महिन्यात गेले होते. ती आजीच्या मागे लपली. मला म्हणाली, तू दिवा लावते, मला तुझी भीती वाटते." एवढं बोलून ती थांबली. रडली नाही. रडून झालेलं असावं. "तुम्ही हो म्हणालात तर मी त्यांना सांगेन. माझी पोरगी मला मिळेल."

कसं सांगू तुम्हाला... ते दोन शब्द माझ्या जिभेवर होते. गळत होती. एवढंच तर म्हणायचं होतं.

माझी नजर शटरवरच्या पाटीकडे गेली. पाटीवर ह्यांचं नाव.

"नाही हो ताई," मी म्हणाले. "आम्ही नीट करून दिली होती."

तिनं मान हलवली. जणू तिला हेच ऐकायची सवय झाली होती. एका चिठोऱ्यावर नंबर लिहून दिला. "काही आठवलं तर फोन करा." आणि दिंडोरी रोड ओलांडून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. बस येईपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत होते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पहिल्यांदा बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं काय होणार आहे. या वेळी सगळं माहीत होतं.

त्या दिवसापासून ते टक् टक् सुरू झालं.

दुकानात कोणी नसताना, मागच्या रांगेतल्या गाड्यांमधून.

टक्... टक्... टक्...

उलट्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीचा आवाज. मी झोपेतही ओळखीन तो. मी उठून जायची. आवाज थांबायचा. परत खुर्चीत बसले की परत.

आणि मग तो दिवस आला.

दुपारची वेळ. हे घरी जेवायला गेले होते, घर मागच्या गल्लीतच आहे. उन्हासाठी शटर अर्धं खाली ओढलेलं. मी बिलं लावत बसले होते.

टप...

मी मान वर केली.

टप... टप...

मागच्या रांगेत गेले. एकेक गाडी बघितली. सगळे कॉक बंद. सगळ्या नळ्या कोरड्या. फरशी कोरडी. वळले, आणि शेवटच्या दोन गाड्यांच्या मधे कोणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं.

माझ्याकडे पाठ. नवा कोरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. बाह्या दुमडलेल्या. खाली वाकून गाडीच्या पोटाशी बघत होता.

मला वाटलं, गिऱ्हाईक आत घुसलंय. "काय हवंय भाऊ? मेकॅनिक जेवायला गेलेत."

तो वळला नाही.

उजवा हात पुढे केला आणि बोटानं नळी चाचपली. त्या हाताला बोटांपर्यंत पांढरं बँडेज होतं.

"वहिनी..."

आवाज ओळखला मी. 

"वहिनी, गळत नाही ना आता?"

आणि काय झालं सांगू? माझं तोंड आपोआप उघडलं. सवयीनं. "नाही हो भा..." एवढं बाहेरही पडलं.  नाही म्हणवेना. हो म्हणायचं धाडस होईना. मी तशीच उभी. तोही तसाच बसलेला, उत्तराची वाट बघत. त्याला काही घाई नव्हती.

शटर वर गेल्याचा आवाज आला. हे आले होते. मी एक क्षण तिकडे बघितलं.

परत वळले तर मधे कोणी नव्हतं.

पण ज्या गाडीपाशी तो बसला होता, तिच्या खालून पेट्रोल येत होतं. फरशीवरून पसरत माझ्या चपलेपर्यंत आलं. ती गाडी आम्ही कामाला खोललेली होती. टाकी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, रिकामी.

पेट्रोल येत कुठून होतं?

मी धावत काउंटरकडे गेले. तिथं गणपतीच्या फोटोसमोर दिवा तेवत होता. मी तो फुंकून विझवला. आयुष्यात पहिल्यांदा. देवाचा दिवा तोंडानं विझवू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही.

मग मी रडले. ह्यांच्या शर्टाला धरून, दुकानात, ऑइलच्या डब्यांमध्ये बसून. काय दिसलं ते सांगितलं. चैताली येऊन गेली तेही सांगितलं, ते इतके दिवस सांगितलं नव्हतं.

वाटलं, म्हणतील, तुला भास झाला. ते खाली बसले माझ्याशेजारी.

"मला रोज विचारतो," ते म्हणाले.

"काय?"

"तेच. गाडीखाली हात घातला की कानाशी. मला वाटलं, माझ्याच डोक्यात आहे." बराच वेळ ते हाताची नखं बघत होते. "तू नाही म्हणालीस त्या दिवशी. पण मेकॅनिक मी होतो ना सविता. मी गप्प बसलो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

त्याच दिवशी मी चैतालीला फोन लावला. कसं बोलायचं ते ठरवलं होतं, सगळं विसरले. एका दमात म्हणाले, "गळत होती ताई. आम्हाला माहीत होतं. तुमच्या निरांजनाचा काही दोष नाही."

 

मग ती म्हणाली, "मला शिव्या देता येत नाहीत, नाहीतर दिल्या असत्या." आणि थोड्या वेळानं, "मला सांगून काय उपयोग. तिथं येऊन सांगा."

पुढच्या रविवारी त्यांच्या गावी गेलो. चैताली निफाडहून बसनं आली होती आणि फाट्यावर उभी होती.  द्राक्षांचा सीझन होता, बागांमध्ये मजूर, कात्र्यांचा आवाज, रस्त्याला गाड्याच गाड्या. सगळं गाव कामात. आणि त्या घरासमोर चिटपाखरू नाही.

पडवीच्या भिंतीला नवा रंग दिलेला होता. एका ठिकाणी रंगाखालून काळं वर आलेलं.

सुलाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. चैतालीला बघून त्यांचा हात थांबला. "हिला कशाला आनलं?"

मी चप्पल काढली आणि ओट्याखाली जमिनीवरच बसले. हे माझ्यामागे उभे. मी सगळं सांगितलं. सुई गेली होती. ठोकून दिली. भाऊंनी विचारलं, मी नाही म्हणाले. दहाव्याला गप्प बसले. तुमच्या सुनेला तोंडावर खोटं सांगितलं. "पोलिसात द्या आम्हाला, गावात ओरडून सांगा, काय करायचं ते करा. पण हिची पोर हिला द्या."

सुलाबाई मेथीच्या काड्यांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता उठून मुस्काटात मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला वास आला व्हता," त्या म्हणाल्या.

कोणालाच कळलं नाही.

"त्या दिशी. आरतीला हुबं राहिलो तव्हा. पेट्रोलचा वास आला मला. म्हनलं, गाडी धुतली आसंल, पुसली आसंल. सनासुदीचं काय म्हनायचं... म्हनून बोलले नाय." मेथीची काडी त्यांच्या बोटात मोडली. "लय खुपायचं मनाला. सहन होईना. मंग सगळं हिच्यावर टाकलं. हिच्यावर टाकलं की रातची झोप यायची."

चैताली उभीच होती. ती सासूकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. आम्ही दोघींनी मिळून तिला चार महिने त्या आगीत उभं केलं होतं, आणि ती एकटी त्यात जळत होती.

सुलाबाईंनी आत हाक मारली. "कस्तू... ये भाईर."

पोरगी दारात आली. आईला बघून चौकटीला चिकटली.

"आयनं काय नाय केलं गं," आजी म्हणाली. "आजी खोटं बोलली तुझ्याशी. जा आयकडं."

पोरगी लगेच गेली नाही. मध्ये थांबली, आजीकडे वळून बघितलं, परत दोन पावलं टाकली. चैताली खाली बसून नुसते हात पसरून थांबली होती. शेवटी पोरगी पोचली, तेव्हा त्या बाईनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारच्या बागेतले मजूर कुंपणापाशी आले.

सुलाबाईंनी स्वतः पोरीचे कपडे पिशवीत भरून दिले. म्हणाल्या, "चैताले, तू हितं ऱ्हा म्हनायला मला तोंड नाय. तिला कवातरी दाखवून ने." फाट्याकडे जाताना मी मागे वळून पाहिलं. म्हातारी त्या पडवीत एकटीच उभी होती.

आम्ही गावात लपवलं नाही. पोलिसांतही जाऊन जबाब दिला, त्याचं जे व्हायचं ते चालू आहे. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

आणि दुकान शांत झालं.

त्या दिवसापासून कॉक बंद ते बंद. वास नाही, टक् टक् नाही. ह्यांना कानाशी कोणी विचारत नाही. मी पोळ्या लाटते, गॅस सुरू असतो, काही होत नाही. चैतालीनं पोरीला तिकडेच अंगणवाडीत घातलंय. कधीमधी फोटो पाठवते. बोलत मात्र नाही, आणि मी तशी अपेक्षाही करत नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते.

मागच्या आठवड्यात सुलाबाईंचा फोन आला. नंबर मीच दिला होता, काही लागलं तर सांगा म्हणून. मी विचारलं, "बऱ्या आहात ना आजी?"

"बरी हाय," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. अगदी नेहमीसारखा. "प्रफुल्ल येतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांजच्याला येतो. मला भ्याव नाय वाटत, माझाच हाय. बोलत नाय कायच. पर..." त्या थांबल्या. मागून कसला तरी आवाज येत होता. दार उघडल्यासारखा, बंद केल्यासारखा. "घरभर फिरतो. आतल्या खोलीत जातो, गोधडी उचकटून बघतो. मोरीत बघतो, माळ्यावर बघतो. पोरीला शोधतोय वो तो. रोज शोधतो अन् मंग ओट्यावर येऊन बसतो."



"बाई, त्याला सांगू का?" त्यांनी विचारलं. "पोरगी निफाडला हाय म्हनून?"

बापच आहे तो. त्यानं त्या पोरीसाठी स्वतःला जाळून घेतलं. सांगायला नको का? पण तो तिथं गेला तर कसा जाईल, काय घेऊन जाईल? त्या घरात चैताली आहे, गॅस आहे, देवापुढे दिवा आहे. आणि पोरगी आता कुठे रात्रीची न घाबरता झोपायला लागलीये.

"बाई? हायेस का?"

मी म्हणाले, उद्या सांगते आजी. आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. मी उचलते. त्या तेवढंच विचारतात, मागे दारांचे आवाज येत असतात, आणि मी काहीच बोलत नाही.